डाव्या बुटांची टेकडी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. मित्र म्हणाला, "लिही की. पण कागदावर लिहू नकोस. कागद फिरून फिरून तुझ्याच पट्ट्यावर येणार आणि ओल्या कागदांत जाणार." म्हणून मोबाईलवर टाइप करतोय. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात बसून, जमेल तसं. शाळेशी माझं फार जमलं नाही, त्यामुळे चुका दिसल्या तर पोटात घाला.

तर. आमचं गाव बंदराचं आहे आणि आमच्या बंदरात कचरा उतरतो. कचरा म्हणायचं नाही, तसं परिपत्रक आहे. 'पुनर्वापरयोग्य साहित्य' म्हणायचं. ते थोरल्या देशाकडून येतं. त्या देशाला नाव आहे, पण आमच्याकडे सगळे त्याला थोरलाच म्हणतात, कारण घरातल्या थोरल्यासारखंच त्याचं चालतं. तो आधी जेवतो, आधी नवं घालतो, आणि त्याला तोकडं झालेलं धाकट्याच्या अंगावर येतं. धाकट्याने नको म्हणायची पद्धत नाही. त्याचं माप कुणी घेत नाही. "वाढतं अंग आहे, बसेल," एवढंच सांगतात.

बंदराला लागून पत्र्याची मोठी शेड आहे. आत एक सरकता पट्टा. पट्ट्यावरून थोरल्याचं साहित्य सरकत येतं आणि आम्ही दोन्ही बाजूंनी उभे राहून ते निवडतो. माझ्याकडे बाटल्या, डबे, खोकी. समोर तेव्हा माझा मित्र असायचा. त्याच्याकडे कापड, चामडं आणि बूट.

त्याला सगळे डाव्या म्हणतात. तो उजव्याच हाताने जेवतो. नाव पडलं ते बुटांमुळे. आमच्याकडे फक्त डावे बूट येतात. चांगले, दणकट, दोन पावसाळे सहज काढतील असे. पण डावे. उजवा आजवर कुणी पाहिलेला नाही. मुकादम सांगतो की थोरल्याकडे तसा नियम आहे. टाकलेला जोड जर कुणी घालून हिंडायला लागला तर नवे बूट खपणार कसे? म्हणून जोडी फोडतात. डावा एका देशाला, उजवा दुसऱ्याला.

"म्हणजे कुठेतरी नुसते उजवे येणारं गाव असणार," डाव्या म्हणायचा. "तिथंही एक माझ्यासारखाच येडा असेल, दोन्ही पायांत उजवे घालून. आमची एकदा गाठ पडली ना, तर दोघंही सरळ चालू."

हा दोन्ही पायांत डावेच घालायचा, त्यामुळे चालताना थोडा एका अंगाला जायचा. नऊ नंबर.

निवडून जे उरतं, म्हणजे जवळजवळ सगळंच, ते शेडमागच्या ढिगावर जातं. ढिगाच्या पायाशी एक गल्ली होती आणि गल्लीत पहिलं घर डाव्याचं. दीड खोली. वडिलांनी बांधलेली, तेव्हा समोर नुसतं सपाट मैदान होतं. पुढे घरात डाव्या आणि त्याची आई, आमच्या काकू, एवढेच उरले. ढीग वाढत गेला तसा त्यांच्याकडे सूर्य उशिरा उगवायला लागला. शेवटी शेवटी जेवणाच्या सुमारास उगवायचा. काकू म्हणायच्या, "बरंय, उठायची घाई नाही."

मी त्या खोक्यांवरून थोरल्याची भाषा शिकलो. शिकवायला कोणी नव्हतं. वर चित्र असायचं, खाली मजकूर असायचा, जुळवत जुळवत गेलो. 'वापरण्यापूर्वी नीट हलवा.' 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.' 'कोरड्या व थंड जागी ठेवा.' 'चित्रातील वस्तू व प्रत्यक्ष वस्तू यांत फरक असू शकतो.' थोरल्याचा माणूस बायकोशी काय बोलतो ते मला माहीत नाही. पण वस्तूंशी तो फार काळजीने बोलतो, हे मी सांगू शकतो.

मग एक जागतिक पर्यावरण परिषद झाली. कुठे झाली ते कळलं नाही, पण तिच्या पाण्याच्या बाटल्या आमच्याकडे आल्या, त्यामुळे झाली हे नक्की. परिषदेत ठरलं की आता सगळ्यांचा नीट हिशोब व्हायचा. कचरा ज्याच्या जमिनीवर पडलाय त्याचा. धूर ज्याच्या आकाशात दिसतो त्याचा. हे ऐकायला इतकं सरळ होतं की धाकट्या देशांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

निकाल लागला. थोरल्याकडे कचरा शून्य. धूरही शून्य, कारण कारखाने त्याने केव्हाच धाकट्यांच्या गावी नेऊन दिले होते, रोजगार म्हणून. वस्तू त्याची, धूर आमचा, आणि वापरून झाली की वस्तूही आमची. जगातला सर्वांत निर्मळ देश म्हणून थोरल्याचा सत्कार झाला. सर्वांत घाणेरडं गाव म्हणून आमचं नाव आलं.

नगराध्यक्षांनी सभा घेतली. "लाज वाटली पाहिजे," ते म्हणाले. "थोरल्यांकडे बघा. एक कागद सापडणार नाही रस्त्यावर."

"कसा सापडेल साहेब," मागून डाव्या म्हणाला, "तो इथं आहे."

"हीच वृत्ती," नगराध्यक्ष म्हणाले. "दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. कचरा आपल्या दारात आहे ना? मग आपला."

थोरल्याने मोठ्या मनाने मार्गदर्शन मंडळ पाठवलं, आम्हाला स्वच्छता शिकवायला. सरकारी दुभाष्याला दमा होता, तो ढिगाजवळ यायला तयार होईना. मुकादमाने माझं नाव सांगितलं. अशा रीतीने मी दुभाषा झालो. एका दिवसासाठी इस्त्रीचा शर्ट मिळाला. आत्या म्हणाली, "शिकला असतास तर रोज मिळाला असता." शिकलेला दुभाषा घरी खोकत बसला होता, पण आत्याशी वाद कोण घालणार.

मंडळाच्या प्रमुख एक बाई होत्या. खरं सांगायचं तर चांगल्या होत्या. हसतमुख, नम्र. चॉकलेट खाल्लं तर त्याची चांदी त्यांनी खाली टाकली नाही. चार घड्या घालून पिशवीत ठेवली. मायदेशी नेऊन योग्य डब्यात टाकणार होत्या. ती चांदी, चार घड्यांसकट, पुढच्या जहाजाने आमच्या पट्ट्यावर आली. मी लगेच ओळखली.

बाईंनी शेडमध्ये भाषण केलं. भाषण लांब होतं आणि मला त्यातलं खोक्यांवर असतं तेवढंच कळलं. तेवढंच मी सांगितलं. "बाई म्हणतात, झाकण घट्ट लावा. उष्णतेपासून दूर राहा. दिलेल्या मुदतीनंतर परिणामांची जबाबदारी कंपनीवर नाही. आणि एकदा उघडलेला माल परत घेतला जाणार नाही."

नगराध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. नंतर भाषणाची अधिकृत प्रत आली, दमेकऱ्याने घरी बसून भाषांतर केलेली. माझ्या भाषांतरात आणि तिच्यात फारसा फरक नव्हता. तिच्यात 'भागीदारी' हा शब्द जास्त होता.

मग मोजणी झाली. एक छोटं यंत्र होतं, धूर दिसला की वाजायचं. बंदरात थोरल्याचं जहाज उभं होतं आणि त्याच्या धुराड्यातून काळा लोट निघत होता. यंत्र तिकडे वळवलं तर ते वाजेना. बाईंनी समजावलं की जहाज समुद्राचं, समुद्र कुणाचा नाही, म्हणून धूरही कुणाचा नाही. यंत्राला तसं शिकवलेलं आहे. पुढे काकूंच्या दारात आलो तर ते ठणाणा करायला लागलं. काकू चुलीवर सूप उकळत होत्या.

"काय झालं याला?" काकूंनी विचारलं.

"तुमचा धूर सापडला, काकू."

"हरवला कधी होता?"

बाईंनी नोंद केली. अहवालात आलं की या गावात हवा बिघडण्याचं एकमेव निश्चित कारण आढळलं, ते म्हणजे सूप.

आता उपाय. इतका मोठा ढीग हलवायचा कुठे? थोरल्याकडे परत न्यायचा म्हटलं तर त्याचं शून्य बिघडतं, आणि जगापुढे एक आदर्श असणं आवश्यक आहे. म्हणून मंडळाने ठरवलं की ढीग हलवायचा नाही. त्यावर माती टाकायची, गवत लावायचं आणि त्याला टेकडी म्हणायचं.

चांगली मेहनत घेतली त्यांनी, खोटं कशाला बोलू. हिरवंगार गवत लागलं. ते गवत प्लास्टिकचं होतं, कारण खरं जगेना. वर बाक आला. बाकावर पाटी, 'थोरल्या देशाकडून पृथ्वीस भेट'. परिषदेच्या पुढच्या निकालात थोरल्याच्या नावावर एक टेकडी जमा झाली. शून्य कचरा अधिक एक टेकडी. जगात अजून कुणी टेकडी बनवलेली नव्हती, देवाधर्माचं सोडलं तर.

जहाजं येतच होती. साहित्य मागच्या बाजूने टेकडीवर चढतच होतं. त्याला 'नैसर्गिक वाढ' असं नाव मिळालं.

गावाच्या वरच्या भागातली मंडळी सकाळी टेकडीवर फिरायला यायला लागली. वर जाऊन छातीभर श्वास घ्यायची. "हवा बघा कशी आहे," म्हणायची. हवेला वास होता, पण ती म्हणायची की निसर्गाला वास असतोच.

आणि टेकडी म्हटलं की तिचं संरक्षण आलं. नवा नकाशा झाला. नकाशात टेकडी, टेकडीचा पायथा, पायथ्याभोवती संरक्षित पट्टा. पट्ट्याच्या आत डाव्याची गल्ली. गल्लीला नोटीस आली की आपण निसर्गरम्य टेकडीच्या पायथ्याशी अतिक्रमण केलेलं आहे.

डाव्या नोटीस घेऊन माझ्याकडे आला. जिन्यात बसला. बूट काढून बराच वेळ तळवा चोळत राहिला.

"सुनावणी आहे," तो म्हणाला. "बाई येणार आहेत. दुभाषा तूच."

"हो."

"म्हणजे आई बोलेल त्यातलं तू सांगशील तेवढंच बाईला कळणार."

"तेवढंच."

"मग नीट सांग लेका. माझं काही नाही, मी कुठेही पडेन. पण तिला त्या घरातून हलवलं तर ती टिकायची नाही. तिला अंधारात भिंतीला हात लावत फिरता येतं त्या घरात. दुसरीकडे गेली तर पहिल्याच दिवशी पडेल."

काकूंना दिसायचं कमी झालं होतं, हे मला माहीत होतं. इतकं कमी झालंय हे तेव्हा कळलं.

सुनावणी नगरपालिकेच्या हॉलमध्ये झाली. गल्लीतल्या घरांना एकेक करून बोलावत होते. काकूंचा नंबर पहिला. खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि आवाजाच्या दिशेला तोंड करून बोलायला लागल्या. बाई डावीकडे होत्या, आवाज उजवीकडच्या पंख्याचा येत होता. काकू पंख्याशी बोलल्या.

"बाई, टेकडी माझ्यानंतर आली. मी लग्न होऊन आले तेव्हा सपाट होतं सगळं. माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली ती. हा माझा पोरगा आणि ती बरोबरीने वाढले. पोरगा मागे पडला."

यातलं 'टेकडी नंतर' एवढं मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, आणि हे मला पूर्ण कळलं, कारण शाळेच्या जुन्या पुस्तकांचं एक खोकं माझ्या हातून गेलं होतं, "टेकड्या नेहमी माणसांच्या आधीच्या असतात. हे शास्त्र आहे."

"काकू," नगराध्यक्ष म्हणाले, "नकाशात टेकडी आहे. तुम्ही नाही."

"मग जी बाई नाहीच, तिला उठवायला एवढी माणसं कशाला जमलीत?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. नगराध्यक्ष पाणी प्यायले.

डाव्या उठला. "साहेब, माझं घर टेकडीला लागून आहे, ते अतिक्रमण. आणि टेकडी माझ्या मागच्या भिंतीवर चढून बसलीय, ते काय?"

"नैसर्गिक वाढ," नगराध्यक्ष म्हणाले.

मग बाई माझ्याकडे वळल्या. म्हातारीचं म्हणणं नीट समजावून सांगा, म्हणाल्या. डाव्या माझ्याकडे बघत होता. मी सगळं डोकं पालथं घातलं. 'आई', 'अंधार', 'भिंतीची सवय', यातला एकही शब्द कुठल्याच खोक्यावर नसतो. जे होतं त्यातलं सर्वांत चांगलं मी वेचलं. काचसामानाच्या खोक्यांवर असतं ते. मी थोरल्याच्या भाषेत, काकूंकडे हात करून, म्हणालो, "नाजूक वस्तू. जुनी. बदलून मिळणार नाही. हलवू नये."

बाई हेलावल्या. अगदी खरोखर. डोळे भरून आले त्यांचे. मान हलवत त्यांनी काकूंकडे बघितलं, चष्मा पुसला आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मला वाटलं जमलं. डाव्यालाही वाटलं. त्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला, डावा.

मग निकाल वाचला गेला. म्हातारी अत्यंत नाजूक असून तिला टेकडीच्या पायथ्याशी ठेवणं अमानुष आहे. सबब तिला पॅकिंग करून, विशेष काळजी घेऊन, सर्वांत आधी हलवण्यात यावं.

गल्लीतल्या बाकीच्या घरांना एक महिना मिळाला. काकूंना दोन दिवस.

"जायचं कुठे?" डाव्याने विचारलं.

नगराध्यक्षांनी नवीन वसाहतीचं चित्र दाखवलं. गावाबाहेर, छान, मोकळं. समोर सपाट मैदान.

"तिथं टेकडी नाही ना?" काकूंनी विचारलं.

"अजून नाही," नगराध्यक्ष म्हणाले.

निघताना बाईंनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात एकच शब्द म्हणाल्या. काकूंनी मला विचारलं, "काय म्हणाली रे?" मला तो शब्द माहीत नव्हता. खोक्यावर कधीच पाहिला नव्हता. जो शब्द थोरला कुठल्याही मालावर छापत नाही, तो 'माफ करा' असणार, असा मी हिशोब केला आणि तसं सांगितलं. काकूंनी त्या शब्दावर बरेच दिवस काढले. "बाई मनाने वाईट नव्हती," म्हणायच्या. पुढे मी दमेकरी दुभाष्याला फोनवर तो शब्द ऐकवला. तो म्हणाला, "पुढचे." म्हणजे पुढच्या घरचे या.

काकूंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

घर पाडलं. विटा, चूल, दरवाजा, सगळं ट्रकमध्ये भरून मागच्या बाजूने टेकडीवर नेऊन टाकलं. नैसर्गिक वाढ. काकूंना विशेष काळजी घेऊन नेलं, खरोखर पुठ्ठे लावून, बुडबुड्यांच्या प्लास्टिकवर बसवून. नव्या खोलीत त्या तिसऱ्या दिवशी पडल्या. मांडीचं हाड. आता काठी लागते आणि काठी घेऊनही त्या भिंत शोधत राहतात, जुन्या घरात असायची तिथे.

डाव्याला मात्र नोकरी मिळाली. विस्थापितांना प्राधान्य होतं. तो आता टेकडीचा रखवालदार आहे. शर्ट, टोपी, शिट्टी सरकारी. बूट ज्याचे त्याने आणायचे. काम एकच, पायथ्याशी कुणाला बसू द्यायचं नाही. काकूंनी एकदा हट्ट धरला म्हणून शेजारच्यांनी त्यांना गाडीतून आणलं. बरोबर जिथे उंबरा होता तिथे त्या काठी टेकून बसल्या. कसं ओळखलं, त्यांनाच ठाऊक.

डाव्या आला. शिट्टी तोंडापर्यंत नेली, वाजवली नाही.

"आई, ऊठ. इथं बसायला मनाई आहे."

"कुणाची?"

"माझी."

काकू उठल्या. म्हणाल्या, "नोकरी सांभाळ."

परवा शेडमधून सुटल्यावर मी त्याच्याकडे गेलो. फिरायला आलेल्या एका गृहस्थाने त्याची तक्रार केली होती. रखवालदाराचे दोन्ही बूट एकाच पायाचे असून त्याने टेकडीच्या सौंदर्याला बाधा येते, अशी. आम्ही बाकाच्या मागे बसलो, कारण बाकावर बसायची त्याला परवानगी नाही. गवतातून एक डावा बूट वर आला होता. पाऊस पडला की येतात ते. डाव्याने तो टाचेने परत आत दाबला, सवयीने.

"ते टाइप करतोस ते झालं का?" त्याने विचारलं.

"होत आलंय."

"वाचणार कोण?"

"वाचणारी माणसं."

"म्हणजे चांगले बूट घालणारी." त्याने नाडी घट्ट केली. "त्यांना शिव्या घातल्यास का?"

"घालू?"

"नको. शिव्यांनी कुणाचा पाय झाकलाय? आणि आपल्या वरच्या आळीच्या लोकांचंही काही सरळ नाही. परवाच ठरलंय, आपल्या गावचं साहित्य आता होडीतून पलीकडच्या बेटावर जाणार आहे. बेटाला स्वच्छता शिकवायला इथून एक मंडळ जाणार आहे म्हणे. नगराध्यक्ष प्रमुख. दुभाषा म्हणून तुझं नाव आहे. बेटाची बोली तुला येते का, ते कुणी विचारलेलं नाही."

मला हे माहीत होतं. इस्त्रीचा शर्टही आला होता.

"जा तू," तो म्हणाला. "तू नाही गेलास तर दुसरा कोणीतरी जाईल, आणि त्याला खोक्यांवरची भाषाही येत नसेल. पण मला एक शब्द दे. बेटावर गेलास की तिथल्या लोकांना सांग, आणि तुझ्या त्या वाचणाऱ्यांनाही सांग. टाकू नका असं नाही म्हणत मी. टाकणारच ते. फक्त बूट टाकायचे झाले तर नाडीला नाडी बांधून टाका म्हणावं. दोन्ही एका डब्यात."

"एवढंच?"

"एवढंच. आणि नऊ नंबर असला तर गाठ जरा घट्ट मारा म्हणावं."

मी त्याला शब्द दिला. बेटावरच्यांना गेल्यावर सांगेन. तुम्हाला आत्ता सांगितलं.